शेपटीचं पातं

रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर जेवणाच्या टेबलावर तयार होतं. फक्त शेपटीच्या पंख्याचं एक पातं सापडत नव्हतं. "अगं, इथेच ठेवलं होतं मी," म्हणत नवरा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली टॉर्च मारत होता. पातं बायकोच्या गाऊनच्या खिशात होतं. हेलिकॉप्टर जोडायचं हे किट आल्यापासून तो घरी टिकत होता, "हे धर, ते दे" करता करता तिच्याशी बोलायलाही लागला होता. एकदा उडालं की तो मैदानावर मित्रांत रमणार आणि घरात पुन्हा शुकशुकाट. तो धापा टाकत उठला. "बाबांसारखा मीही विसरायला लागलोय बहुतेक. डॉक्टरांना दाखवू या." तिचा हात पटकन खिशात गेला. तिने वाकून पातं सोफ्याखालून काढल्यासारखं केलं. "अहो, हे बघा, सापडलं!" पातं तिच्याच हातात ठेवून त्याने स्क्रूंची डबीही तिच्यापुढे सरकवली. "तूच सांभाळ सगळं. माझा काय भरवसा!"