पहिला घास कोणाचा

अश्विनीने मऊ वरणभाताचा घास राजसच्या तोंडाशी नेला. राजसने मान डावीकडे वळवली, डोळे मिटले आणि हाताचा पंजा समोर धरला. पोर सव्वा वर्षाचं, पण नकार पंगतीतल्या मोठ्या माणसाचा.

"काऊचा घास झाला, चिऊचा झाला," अश्विनी म्हणाली. "आता कोणाचा राहिला रे?"

राजसला बाटलीतलं दूध हवं होतं. दात आले होते, त्या दातांनी तो टीव्हीचा रिमोट चावायचा, चपलेचा पट्टा चावायचा. भाताचं शीत मात्र जिभेला लागलं की थुंकून मोकळा. वजन वाढत नव्हतं. फ्रीगंजमधल्या डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं होतं, "बच्चे में कोई खराबी नहीं है। सबके साथ बिठाकर खिलाइए, देख-देखकर सीखेगा।"

म्हणून त्याची उंच खुर्ची जेवणाच्या टेबलाला लावली होती. समोर आजोबा बसले होते. दत्तात्रयराव, रिटायर्ड स्टेशनमास्तर. मुलगा बँकेत आणि सून अश्विनी शाळेत शिकवायला गेली की राजस दिवसभर त्यांच्याच अंगाखांद्यावर असायचा. आजोबांच्या पुढे ताट नव्हतं, फक्त दुधाचा पेला होता.

गेल्या सोमवारी ते राम घाटावर गेले होते. क्षिप्रा नदीचं पाणी हातावर घेऊन त्यांनी संकल्प केला होता, नातू अन्न खाईपर्यंत आपणही अन्नाला शिवायचं नाही. घरी येऊन तसं शांतपणे सांगितलं आणि तेव्हापासून दुधावर होते. आता चार पावलं चालले की भिंत धरत.

"बाबा, आज तरी दोन घास खा," अश्विनी म्हणाली. "नाहीतर साबुदाण्याची खिचडी करते. ती तर उपवासालाही चालते."

"उपवास वेगळा, संकल्प वेगळा. मी हातावरून पाणी सोडलंय."

"आणि चक्कर येऊन पडलात म्हणजे? बिलकुल ऐकत नाही तुम्ही. फालतूची जिद्द आहे ही." तिने भाताचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

आजोबांनी मान डावीकडे वळवली, डोळे मिटले आणि पंजा समोर धरला.

अश्विनीचा हात ताटावरच राहिला. तिने राजसकडे पाहिलं, मग परत सासऱ्यांकडे.

"बाबा, हा पंजा तुमचा आहे."

"कोणता पंजा?"

"राजसचा. आधी हा नुसता थुंकायचा. वरण तरी चाटायचा. सोमवारपासून तेही बंद केलंय आणि हे असं हात पुढे करणं सुरू केलंय. मी रोज तुम्हाला आग्रह करते, तुम्ही रोज असं करता, आणि हा समोर बसून बघतो."

आजोबांनी खात्री करायला पंजा पुन्हा उचलला. राजसने लगेच आपला उचलला आणि खुदकन हसला. आजोबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे मी खाल्लं तर हा खाईल?"

"खाईल कदाचित."

"पण हा खाईपर्यंत मी खायचं नाही."

"हो ना."

"मग करायचं काय?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. अश्विनीला हसूही येत होतं आणि त्यांची दयाही येत होती.

"सिंगल लाइनवर दोन गाड्या समोरासमोर आल्या की काय करायचे तुम्ही?"

"एकीला थांबवायचं, दुसरीला सोडायचं."

"इथे दोघंही थांबून बसलेत, बाबा."

आजोबांनी दुधाचा पेला बाजूला सारला. मग हळू आवाजात म्हणाले, "संकल्प मोडला आणि याला काही झालं, तर? मला भीती वाटते गं."

 भीती अश्विनीलाही वाटत होती.

"एक करू," आजोबा एकदम म्हणाले. "दोघांनी बरोबर घास घ्यायचा. मग आधी कोणी नाही आणि नंतरही कोणी नाही. तू त्याला भरव. मी तीन म्हणेन."

त्यांनी भाताचा लहानसा घास उचलला. नैवेद्य दाखवताना मिटावेत तसे डोळे मिटले.

"एक. दोन. तीन."

घास त्यांच्या तोंडात गेला. राजसचं तोंड मिटलेलंच होतं. पंजाही वर होता. आजोबा डोळे मिटून चावत होते आणि राजस त्यांच्या हलणाऱ्या गालाकडे टक लावून पाहत होता. हळूहळू त्याचाही जबडा हलायला लागला, रिकामाच. मग पंजा खाली आला आणि तोंड उघडलं. अश्विनीने घास आत सरकवला. त्याने तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, पुन्हा आजोबांकडे पाहिलं आणि जीभ आत घेतली. घास गिळला.

आजोबांनी डोळे उघडले. नातवाच्या हनुवटीवर शीत चिकटलेलं होतं.

"खाल्लं याने?"

"खाल्लं."

"आधी कोणी?"

"राजसने," अश्विनी लगेच म्हणाली.

"नक्की?"

"मी बघत होते ना, बाबा."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. त्यांनी राजसच्या हनुवटीवरचं शीत बोटाने टिपलं आणि स्वतःच्या तोंडात टाकलं.

"मग वाढ," ते म्हणाले. "फार भूक लागली होती गं मला."