दहा मिनिटांचं काम

बाईंच्या डोळ्यांवर रुमाल बांधून मुलाने त्यांना जिना उतरवत अंगणात आणलं, तेव्हा मिस्त्री गाडीच्या मागे अंग चोरून उभा होता. सत्तरी ओलांडलेल्या आईला आंधळी कोशिंबीर खेळायला लावणाऱ्या माणसाबद्दल त्याचं मत आधीपासूनच बरं नव्हतं. मनातल्या मनात तो त्याला चिरंजीव म्हणायचा, आणि त्यात आशीर्वादाचा भाग काडीइतकाही नव्हता.

गाडी बाईंची. लाल, बुटकी, उघड्या टपाची, दोनच माणसांची. चाळीस वर्षं त्यांनी ती स्वतः पळवली आणि त्यातली तीस वर्षं ह्याच मिस्त्रीने ती जपली. अलीकडे गुडघ्यांना क्लच झेपेना म्हणून गाडी उभी होती. चिरंजीवांनी ठरवलं, आईला वाढदिवसाची भेट द्यायची: जुनं इंजिन उपटून एका साध्या घरगुती गाडीचं नवं इंजिन बसवायचं. क्लच नाही, गिअरची कटकट नाही, बटण दाबलं की चालू. आईला विचारायचं नाही, नाहीतर गंमत काय राहिली? मिस्त्रीलाही तोंड उघडायला बंदी होती.

मिस्त्रीने तोंड उघडलं नाही. आपण नाही म्हटलं तर दुसरा कोणी करणार, तो नवं इंजिन बसवायला चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वेडीवाकडी कापणार, त्यापेक्षा आपल्या हातून नीट झालेलं बरं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. समजूत घालायला काय लागतं? जुनं इंजिन साखळीला टांगून वर उचललं त्या दिवशी मात्र त्याला जेवण गेलं नव्हतं.

रुमाल सुटला. सून मोबाइलवर सगळं टिपत होती. चिरंजीवांनी आईला स्टिअरिंगमागे बसवलं, स्वतः वाकून बटण दाबलं. इंजिन सुरू झालं ते इतकं मुकाट, की समोरचे दिवे लागले म्हणून कळलं.

"आता ऐक हं, आई," असं म्हणून त्यांनी आपल्या मोबाइलवर बोट ठेवलं, आणि सीटखालच्या स्पीकरमधून जुनं इंजिन गरजायला लागलं.

हा त्यांचा खास बेत. इंजिन काढायच्या आदल्या दिवशी ते गॅरेजात येऊन त्याचा आवाज मोबाइलवर भरून घेऊन गेले होते. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काजळलाय, मिस मारतोय, दहा मिनिटं थांबा, साफ करतो आणि मग घ्या. चिरंजीवांनी घड्याळ बघितलं आणि आवाज तो आवाज, कोणाला कळणार आहे, म्हणाले. गाढवाला गुळाची चव काय, असं मनाशी म्हणून मिस्त्री बाजूला झाला होता. आता तोच आवाज अंगणभर घुमत होता आणि प्रत्येक फेरीला तिसरा सिलिंडर ठेच लागल्यासारखा अडखळत होता. मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. चिरंजीवांना वाटलं, आई भारावली. त्यांनी सुनेला खूण केली, जवळ ये, चेहरा नीट घे.

"मिस्त्री," बाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "तिसरा मिस मारतोय. प्लग बघा."

चिरंजीव हसले. अगं, हा नुसता आवाज आहे, इंजिन नवं आहे, असं त्यांनी आईला लहान मुलाला समजावल्यासारखं समजावलं. बाईंनी डोळे उघडले. क्लचच्या जागी पाय नेऊन बघितला. तिथे काहीच नव्हतं. मग दाराला धरून त्या उतरल्या, पुढे आल्या आणि मिस्त्रीला बॉनेट उघडायला सांगितलं. त्याने उघडलं. आत एक काळं प्लॅस्टिकचं झाकण होतं आणि त्याखाली ते मुकं इंजिन.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. स्पीकर तेवढा गरजत होता.

"जुनं ठेवलंय, बाई," मिस्त्री घाईने म्हणाला. भंगारात द्यायला सांगितलेलं इंजिन त्याने पदरचे पैसे भरून गॅरेजात झाकून ठेवलं होतं, आणि एवढं ऐकलं की बाई आपल्याला माफ करतील, ही एकच आशा धरून तो आज इथे आला होता. "भंगारात दिलं नाही मी."

बाईंनी वाकून चासीकडे बोट दाखवलं. जुनं इंजिन ज्या दोन टेकणांवर बसायचं, तिथे आता कापून घासलेल्या चकचकीत खुणा होत्या.

"आणि हे कोणी कापलं?"

"मी."

"नीट कापलंयत," बाई म्हणाल्या. "इंजिन ठेवलंत आणि त्याची जागा कापलीत. ह्याला कळत नव्हतं, मिस्त्री. तुम्हाला कळत होतं."

त्या जिन्याकडे वळल्या. मिस्त्रीने हात पुढे केला. तो न घेता त्यांनी कठडा धरला आणि एकेक पायरी चढायला लागल्या. चिरंजीवांचं तोंड उतरलं होतं. आई, अगं केक आहे वर, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी बटण दाबून गाडी बंद केली आणि ते मागून धावले. मोबाइल तसाच चालू त्यांच्या खिशात गेला.

गाडीतले दिवे विझले. स्पीकरची बॅटरी वेगळी होती. इंजिन गार पडलं तरी सीटखाली तिसरा सिलिंडर अडखळतच राहिला, आणि मिस्त्रीचा हात सवयीने खिशातल्या प्लगपान्याकडे गेला.