पाच पाहुणे

“पाच पाहुणे येऊन गेल्याशिवाय तुझ्या सासूला वर नेऊ नकोस. आणि ते गेले की एक दिवसही थांबू नकोस.”

सासरे जाऊन सहा वर्षं झाली, तरी आवाज तसाच कानात होता. पहाटेचा नमाज आटोपून बालझानने दार उघडलं आणि ते उभे राहायचे तशीच उंबऱ्यावर उभी राहून तिने आभाळ पाहिलं. वारा पडला होता. खिंडीवरचा ढग रात्रीतून निघून गेला होता. ती आत आली आणि फळीवरची चहाची पाचवी वाटी तिने पालथी घातली. थंडीच्या दर दिवसाला एक वाटी. ही मोजणीही त्यांचीच.

पाच पाहुणे म्हणजे वसंतातली शेवटची थंडी, पाच दिवसांची. कधीकाळी पाच वाटसरू तिच्यात सापडले आणि घरी परतलेच नाहीत, तेव्हापासून तिचं हे नाव. ती सरली की वर राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर ट्यूलिप उमलतात आणि आठवडाभर सगळा डोंगर लाल असतो.

सासूबाईंनी तो लाल डोंगर कधीच पाहिला नव्हता. फुलांचे दिवस तेच मेंढ्या विण्याचे. चाळीस वसंत त्यात गेले. आता मेंढ्या नव्हत्या, पण डोळे जात चालले होते. शरद येईतो फक्त उजेड-अंधार कळेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाहायचं तर याच वसंतात.

आठ दिवसांपूर्वी मेदेत, बालझानचा धाकटा दीर, शहरातून जीप घेऊन आला होता. सोमवारी चार मित्रांबरोबर वर जायचा त्याचा बेत होता आणि आईलाही न्यायचं होतं.

“वहिनी, भिंतीवरचं कॅलेंडर बघा. पाहुण्यांच्या तारखा संपून दहा दिवस झाले. फोनही ऊनच दाखवतोय.”

“पाकोळ्या आल्यात, पण घरट्याला चिखल उचलत नाहीत,” बालझान म्हणाली. “पाहुणे अजून यायचेत, धाकटे राजे.” दिराचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं, लग्न होऊन आली तेव्हापासून तो तिचा धाकटे राजे होता.

“म्हणजे आता पाकोळ्यांची परवानगी काढायची? आई माझी आहे, वहिनी.”

“तुमच्याच आहेत. पण सोमवारी त्या येणार नाहीत.”

“आणि तुमचे पाहुणे आलेच नाहीत तर? फुलं उमलून गळून जातील. मग आईला तोंड दाखवा!”

ती उठली. चालत उद्यानाच्या फाटकापर्यंत गेली. वरच्या खोऱ्यात घोडा न्यायचा परवाना आधी काढावा लागतो आणि वसंतात तो एका घराला एकदाच मिळतो. दोन दिवस पाहुण्यांना यायला, पाच राहायला, असं मोजून तिने पुढच्या रविवारची तारीख घातली. रखवालदाराने आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “बाई, एवढं ऊन सोडून?” त्या आठ दिवसांत तिचा एकही नमाज चुकला नाही, आणि एकाही नमाजात मन लागलं नाही.

सोमवारी जीप सासूबाईंविनाच वर गेली. मंगळवारी पहाटे बर्फ आलं. शुक्रवारी रखवालदाराचा फोन आला. “बाई, तुमचे पाहुणे माझ्या वरच्या चौकीत उतरलेत. खाली यायची वाट बंद आहे. मोजले, बरोब्बर पाच आहेत. पीठ संपत आलंय.”

आज तो रविवार.

बालझान घोड्यावर खोगीर आवळत होती, तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून मेदेत आला. पायी. नाक सोललेलं, शहरी बूट चिखलाने दुप्पट झालेले. तो कुंपणाला टेकून उभा राहिला.

“बोला धाकटे राजे,” ती खोगिरावरची नजर न काढता म्हणाली. “तारखा काय म्हणतात?”

“हसा, वहिनी. हक्क आहे तुमचा.” मग त्याचा आवाज खाली आला. “पहाटे उतरताना पाहिलं. वरचा अख्खा उतार कळ्यांनी भरलाय. सगळ्या मिटलेल्या. बर्फातून नुसती टोकं वर. एकही मेली नाही.”

बालझानचे हात पट्ट्यावर थांबले. तिने डोळे मिटले, ओठ हलले, आणि पट्टा आणखी एक भोक आवळला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. पेटीतलं पांढरंशुभ्र शिरोवस्त्र बांधलेलं, हातात चहाची वाटी. शेवटचा घोट त्यांनी उभ्यानेच घेतला.

“आई, मी पण येतो,” मेदेत पुढे झाला. “लगाम मी धरतो.”

“तू नीज. पाच दिवसांचा पाहुणा आहेस, दमला असशील.”

तरी तो वाकलाच. त्याच्या जुळवलेल्या हातांवर पाय देऊन चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई खोगिरावर चढल्या आणि अशा ताठ बसल्या की घोड्यानेही मान उचलली.

“सूनबाई, वाटी राहिली बघ हातात.”

बालझानने ती घेतली, आत जाऊन फळीवर पाचांशेजारी पालथी घातली आणि दार ओढून घेतलं. डोंगराच्या माथ्यावर ऊन उतरू लागलं होतं. ‘बिस्मिल्ला’ म्हणून तिने लगाम हाती घेतला आणि चढणीला लागली.