घोड्यांचं मशीन

मशीन पुन्हा अडलं. इंद्रभाननं शिवी हासडली आणि बैल थांबवले. पात्याच्या लोखंडी बोटांत गवताचा बोळा अडकून बसला होता. केनवडची रिकामटेकडी माणसं बांधावर बसून मजा पाहत होती. त्यांना दुसरं काम काय!

मशीन आणलं होतं त्याच्या वहिनीनं, दुर्गाबाईनं. जुन्या सरकारी कुरणाचं, मोडीत निघालेलं. लोखंडी चाकं फिरली की बाजूचं लांब पातं मागं-पुढं सरकायचं आणि बोटांमध्ये आलेलं गवत कापायचं. कधीकाळी ते घोडे ओढायचे. तिचा बाप त्या कुरणावर राबलेला, म्हणून तिला त्यातलं कळत होतं. इंद्रभान आधी हसला. पण बहात्तरच्या दुष्काळानंतर यंदा घरच्या कुरणात गवत कमरेइतकं माजलेलं, आणि विळा धरायला कोणी तयार होईना. मग तोच मशीनवर चढून बसला. बाईनं औतावर बसायचं नसतं म्हणे.

पलीकडे पळसाखाली दुसरी जोडी बांधलेली. पांढरीशुभ्र, शंकरपटात पळणारी. दुर्गाबाईच्या नवऱ्यानं, उकंडरावनं, लेकरांसारखी वाढवलेली. शर्यतीखेरीज त्यांच्या मानेवर कधी जू आलं नव्हतं. उकंडराव उन्हाळ्यात वारला. आता पटात हाकणारा कोणी नाही, बसून खाणारी जनावरं पोसायची कशाला, असं म्हणून इंद्रभाननं रिसोडचा व्यापारी दौलतराव बोलावला होता. तो जोडीचे दात पाहून तयार बसला होता. दुर्गाबाईचा जीव तीळतीळ तुटत होता, पण ती रडली नाही. आधी गवत कापून होऊ द्या, मग जोडी न्या, एवढंच म्हणाली.

"भंगार आणलं वैनी तुमी," इंद्रभान म्हणाला.

ती पदर खोचून खाली बसली. बोळा उपसला. पात्याचा एक दात ढिला होता, त्याचं रिबिट ठोकलं. पातं बोटांवर नीट टेकत नव्हतं, ते वरच्या पट्ट्या हातोडीनं दाबून बसवलं. तेल सोडलं. इंद्रभाननं बैल हाकले. नांगराचे बैल ते, आपल्या संथ चालीनं निघाले. थोडं गवत कापलं आणि पुन्हा बोळा. बांधावर हशा पिकला. हे गवत काही कापून होत नाही, म्हणत दौलतराव उठला आणि पळसाखालच्या जोडीचे दोर सोडू लागला.

दुर्गाबाईनं ते दोर त्याच्या हातातून हिसकून घेतले.

"उतरा भाऊजी," ती म्हणाली. "तुमचे बैल सोडा."

तिनं पटाची जोडी मशीनला जुंपली. बांधावर गलका झाला. पटाच्या बैलांना औताला लावायचं, अन् तेही बाईमाणसानं! दुर्गाबाई बैठकीवर चढली. कासरे ताणून धरले. जोडी उधळायला पाहत होती. तिनं पळू दिलं नाही, नुसतं झपझप चालू दिलं. चाकं भरभर फिरली. मघाशी रखडणारं पातं आता खडखडायला लागलं. गवत आडवं पडत गेलं, पार कुरणाच्या टोकापर्यंत. बोळा नाही की काही नाही. आता कोणी हसत नव्हतं.

ती वळून आली तेव्हा इंद्रभानचा चेहरा लाल झालेला. भंगार मशीनसाठी दादाच्या जोडीले औताले लावलं, असं तो सगळ्यांदेखत बोलला.

दुर्गाबाईनं कासरे सोडले नाहीत.

"मशीनसाठी जोडी नाही जुंपली भाऊजी," ती म्हणाली. "जोडीसाठीच मशीन आणलं."