मोठा उंदीर

कुंदाताईंच्या नवऱ्याने पाळलेला अजगर वाढला होता. लहान उंदरांनी त्याचं भागत नव्हतं आणि मोठ्याला तो तोंड लावत नव्हता. नवरा गेल्यापासून कुंदाताई चिमट्यात मेलेला उंदीर धरून तासभर उभ्या राहत, थकून जात.

"वहिनी, अजगर देऊन टाका. दुपारी न्यायला माणूस येतोय," दीर म्हणाले होते.

शेवटचा प्रयत्न म्हणून कुंदाताईंनी उंदीर विकणाऱ्या दुकानदाराचं ऐकलं. मोठ्या उंदराला लहान उंदीर चोळला, म्हणजे ओळखीचा वास लागेल. जन्मात अंड्यालाही न शिवलेल्या हातांनी त्यांनी तो चिमट्यात धरून पुढे केला.

अजगराची जीभ वळवळली. मग त्याने झडप घातली.

कुंदाताई तिथेच फरशीवर बसल्या. त्याने उंदीर पूर्ण गिळल्यावर त्यांनी दिरांना फोन लावला.

"भावोजी, त्या माणसाला येऊ नको म्हणा. जेवायला वाढावं असं घरात कुणीतरी आहे अजून."