जास्तीची भरली वांगी

जेवणाच्या सुट्टीत हेमांगी डबा घेऊन नव्या केबिनमधून बाहेर आली. आज तिने भरली वांगी मुद्दाम जास्त केली होती.

अकरा वर्षं ती आपल्या जागेवर एकटीच जेवली. बाकीचे टेबलं जोडून बसायचे, एकमेकांच्या झाकणात भाज्या वाढायचे. सुरुवातीला तिलाही हाक मारायचे. ‘काम आहे’ म्हणत तिने टाळलं. मग हाका थांबल्या. वसतिगृहात वाढलेली मुलगी ती. रविवारी भेटायला कुणी येत नाही हे कळल्यावर तिने फाटकाकडे बघणंच सोडलं होतं.

परवा बढतीचं पत्र देताना साहेब म्हणाले, “तुम्ही कुणात गुंतत नाही. असाच माणूस वर हवा.” घरी हे सांगायला कुणी नव्हतं.

टेबलापाशी हशा चालला होता. ती जवळ येताच सगळे उठून उभे राहिले. कुणाच्या हातात अर्धी पोळी, कुणाचा घास तोंडातच.

“मॅडम, काही काम होतं?”

समोरच एक खुर्ची रिकामी होती. हेमांगीने डबा पाठीमागे धरला.

“हो. तीनची मीटिंग अडीचला घेऊ.”

ती वळली. केबिनचं दार लागेपर्यंत मागे कुणीच बसलं नाही.