मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण

कवितेवर लिहिताना आधी मुद्दा, मग पुरावा, मग स्पष्टीकरण, आणि शेवटी परत मुद्द्याकडे, हे ग्लेनिसबाईंनी इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या शाळेत पोरांकडून वर्षानुवर्षं घोटून घेतलं होतं. त्यांची लेक टॅम्सिनही त्यांच्याच वर्गातली.

वडिलांच्या अंत्यविधीला टॅम्सिन चर्चमध्ये बोलायला उभी राहिली.

"बाबा दयाळू होते. पुरावा म्हणजे, ते म्हणायचे, 'शेजारच्या आंधळ्या कुत्र्याला मीच फिरवून आणतो.' यातल्या 'मीच' या शब्दातून त्यांची करुणा सूचित होते."

"शी, माझ्या भावाचा पार प्रश्नपत्रिकेतला उतारा केला की गं तुझ्या लेकीने," नणंद कुजबुजली.

टॅम्सिन शेजारी येऊन बसली. "आई, जमलं ना गं?"

ग्लेनिसबाईंनी तिला जवळ घेतलं, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.


शेवटी मुद्द्याकडे परत यायचं राहिलं म्हणून मनातल्या मनात त्यांनी एक गुण कापलाही होता.